कुलूपबंद कचरा

त्या दुमजली घरात दोन भाऊ राहत होते. थोरला वर, धाकटा खाली. थोरल्याचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं, धाकटा शहर बसवर ड्रायव्हर होता. दोघा भावांचं छान जमायचं. त्यांच्या बायकांचं जमत नव्हतं.

थोरली जाऊ पडदे शिवायची. वरच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन, इस्त्रीचं टेबल आणि भिंतीला लागून छातीइतके उंच कापडाचे गठ्ठे. धाकटी जाऊ चपलांच्या दुकानात काउंटर सांभाळायची. दोघींचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. थोरलीचं म्हणणं असं, की हिने माझं जाड बुडाचं पातेलं मैत्रिणीला दिलं आणि ती मैत्रीण पातेल्यासकट गाव सोडून गेली. धाकटीचं म्हणणं असं, की पातेलं गेलं हे खरं, पण म्हणून चार पाहुण्यांसमोर "हिच्या हातात काही टिकत नाही" असं म्हणायची काय गरज होती.

आता बोलणं बंद म्हणजे घरात शांतता होती, असं कुणी समजू नये. थोरली जिन्यात येऊन कठड्याला सांगायची, "काही लोकांना पाण्याचा पंप बंद करायचं लक्षात राहत नाही." खालून धाकटी दाराच्या बिजागरीला सांगायची, "काही लोकांची टाकी भरली की लगेच जीभ चालू होते." कठडा आणि बिजागरी यांचं असं रोज चालायचं. याहून महत्त्वाचं काही असेल तर नवऱ्यांमार्फत निरोप जायचा. भाऊ निरोप नेताना त्यातले काटे काढून टाकायचे, त्यामुळे पलीकडे पोचेपर्यंत निरोपाचा जेमतेम गर उरायचा.

हे सगळं असंच चाललं असतं, पण कचरा न्यायची पद्धत बदलली.

आधी कचऱ्याची गाडी यायची आणि कुणी काहीही दिलं तरी घेऊन जायची. मग नगरपालिकेने प्रत्येक घर क्रमांकाला दोन डबे दिले. हिरवा ओल्या कचऱ्याला, निळा सुक्याला. पिशवी घेणार नाही, मिसळलेलं घेणार नाही, डबा फाटकाशी आणून ठेवायचा. घर दोन मजल्यांचं, चुली दोन, पण क्रमांक एकच. त्यामुळे डब्यांची जोडीही एकच आली.

डबे आले तेव्हा धाकटी घरी होती. तिने हिरवा उचलून आपल्या दाराच्या आत ठेवला. निळा घ्यायला परत येते तर थोरली तो काखोटीला मारून जिना चढत होती. कुणी काही बोललं नाही. कठडाही नाही आणि बिजागरीही नाही.

त्या दिवशी संध्याकाळी थोरलीने नवऱ्याला सांगितलं, "निळ्या डब्याला कुलूप लावा."

"डब्याला?"

"रोज खाली ठेवावा लागणार. तिच्या दुकानातली रिकामी खोकी आणून भरून टाकेल. मग आपल्या चिंध्या कुठे घालू?"

थोरला आयुष्यभर लोकांच्या तिजोऱ्यांना आणि गोदामांना कुलपं लावत आला होता. त्याने प्लास्टिकच्या डब्याला भोकं पाडली, कडी-कोयंडा बसवला आणि एक छोटं पितळी कुलूप लावलं. काम इतकं सफाईदार झालं की शेवटी त्याला स्वतःलाच ते आवडलं.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. गाडीवरच्या बाईला सगळा रस्ता शिट्टीबाई म्हणायचा, कारण ती गळ्यातली शिट्टी अशी फुंकायची की झोपलेला माणूस कचरा घेऊनच उठायचा. तिने निळ्या डब्याचं झाकण ओढलं. उघडेना. तिने खाली वाकून पाहिलं.

"अहो ताई, याला कुलूप आहे."

"थांबा, किल्ली शोधते," वरून थोरली म्हणाली.

गाडीच्या मागे तोवर दोन रिक्षा आणि एक दूधवाला येऊन उभे राहिले होते. शिट्टीबाईने कमरेवर हात ठेवले. "कचऱ्याला कुलूप लावणारं घर मी नोकरीत पहिल्यांदा बघतेय. आत आहे तरी काय?"

"कचराच आहे."

"मग जाऊ द्या की चोरीला."

रिक्षावाले हसले. थोरली खिडकीतून आत सरकली. थोड्या वेळाने ती किल्ली आणि ओल्या कचऱ्याची पिशवी घेऊन खाली आली, पण शिट्टीबाईने पिशवीला हात लावला नाही.

"पिशवी चालत नाही. हिरव्या डब्यात घाला."

"तो आमचा नाही."

"घर एकच आहे ना?"

"घर एक आहे. डबा त्यांचा आहे."

शिट्टीबाईने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि शिट्टी फुंकली. गाडी पुढे गेली.

तेव्हापासून वरच्या घरातल्या बटाट्याच्या साली, चहाचा चोथा, उरलेला भात हे सगळं पिशवीत भरून जिन्याच्या कठड्याला टांगलं जाऊ लागलं. थोरला दुकानात जाताना पिशवी घेऊन जायचा आणि वाटेत कुठे मोठी कचराकुंडी दिसली तर टाकायचा. पण तो विसराळू होता. पिशव्या साठत. खाली धाकटीकडे निळा डबा नव्हता, आणि दुकानातून येताना चांगलं खोकं दिसलं तर ते टाकून येणं तिला कधी जमलेलं नव्हतं. "कामाला येतं," असं ती म्हणायची. खोकी जिन्याखालच्या तिकोनी जागेत रचली जाऊ लागली. पुरुषांच्या बुटांची, बायकांच्या सँडलांची, आतल्या पातळ कागदासकट.

अशा रीतीने घराने जेवायची सोय वर आणि राहायची सोय खाली करून ठेवली. मग राहायला कुणीतरी येणार हे उघडच होतं.

पहिल्यांदा धाकटीला कळलं. न्हाणीघरातला साबण एका कोपऱ्यातून कुरतडलेला होता. तिने नवऱ्याला दाखवला नाही. नवा साबण काढला आणि जुना कागदात गुंडाळून हिरव्या डब्यात खोल दाबला. वर थोरलीला ओट्यामागे अर्धा बटाटा सापडला. तो तिने तिथे ठेवला नव्हता. तीही गप्प बसली. घरात उंदीर आहे असं कबूल करायचं म्हणजे आपल्या घरात घाण आहे असं कबूल करायचं, आणि तेही हिच्यासमोर, हे दोघींनाही मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. त्यामुळे उंदराची बातमी दाबून ठेवण्याच्या बाबतीत मात्र दोघी पहिल्यांदाच एकमताने वागल्या.

दोघींनी आपापल्या नवऱ्याला कानात सांगितलं. "पिंजरा आणा. आणि कापडी पिशवीत घालून आणा."

बाजारात हार्डवेअरचं दुकान एकच. थोरला आत शिरला तेव्हा धाकटा काउंटरला टेकून उभा होता.

"तू इथे कसा?" थोरला म्हणाला.

"खिळे घ्यायला. तू?"

"मीही खिळेच."

दुकानदार आतून दोन पिंजरे घेऊन आला. एक ठेवला धाकट्यासमोर आणि दुसरा धरून थोरल्याला विचारलं, "सकाळी फोन केला होता तो तुम्हीच ना? हाच बघा, स्प्रिंग कडक आहे."

दोघा भावांनी पिंजऱ्यांकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. थोरल्याच्या मिशा आधी हलल्या. मग दोघेही इतके हसले की दुकानदाराला वाटलं, पिंजऱ्यात काही दोष आहे.

"तुझ्याकडे पण?" धाकट्याने डोळे पुसत विचारलं.

"एकच असणार रे. सकाळी तुझ्याकडे, दुपारी माझ्याकडे. नोकरीला असल्यासारखा."

"वहिनीला सांगू नकोस की मला माहीत आहे."

"आणि तू घरी बोलू नकोस."

दोघांनी पिशव्या घेतल्या, दुकानाच्या दारातच वेगळे झाले आणि थोड्या अंतराने घरी पोचले. वरच्या पिंजऱ्यात पावाचा तुकडा लागला, खालच्या पिंजऱ्यात बिस्किट. रोज सकाळी पाव गेलेला असायचा आणि बिस्किटही. पिंजरे मात्र रिकामे. थोरल्याने वरच्या पिंजऱ्याची स्प्रिंग सोडवून, तेल घालून पुन्हा बसवली. त्यानंतर दार जास्त हलकं चालू लागलं, पण उंदराला त्याचा उपयोग आत जाण्यापेक्षा बाहेर येण्यासाठीच जास्त झाला. एकदा धाकट्याने त्याला पायरीवर पाहिलं. "चांगला बाळसेदार झालाय," असं त्याने दादाला हळूच कळवलं.

समोरच्या घरात चष्मेवाले काका राहायचे. त्यांचं अंगण इतकं स्वच्छ असायचं की पानसुद्धा तिथे पडायला कचरायचं. त्यांनी भरदिवसा ह्या घराच्या कठड्यावरून एक उंदीर पिशवीत उतरताना पाहिला आणि नगरपालिकेत तक्रार केली. बातमी शिट्टीबाईने आणली.

"तुमच्या घराची तक्रार गेलीय," तिने फाटकातून दोन्ही मजल्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "रविवारी पिंजरेवाला येणार. जिना मोकळा करून ठेवा."

वर थोरलीच्या हातातली कात्री थांबली. खाली धाकटीने दाराला कडी लावली.

रविवारी पिंजरेवाला आला. गुडघ्यापर्यंत गमबूट, कोपरापर्यंत हातमोजे, हातात टोकाला आकडा असलेली लांब काठी आणि कमरेला टॉर्च. लढाईला निघालेल्या माणसासारखा थाट होता, पण चेहरा पांढराफटक पडलेला. आल्या आल्या त्याने पाणी मागितलं, मग पुन्हा पाणी मागितलं.

"बरीच वर्षं हे काम करता?" धाकट्याने विचारलं.

"छे. मी पाण्याच्या मीटरवर होतो. गेल्या महिन्यात बदली झाली." त्याने जिन्याखालच्या खोक्यांवर लांबूनच टॉर्च मारला. "मला उंदरांचं काही नाही हो. ते एकदम येतात ना, त्याचं वाटतं."

"सांगून येतील कसे," थोरला म्हणाला.

"एक स्टूल मिळेल का?"

धाकटीने आतून स्टूल आणून ठेवलं. सगळ्यांना वाटलं, माळ्यावर काही बघायचं असेल. थोरली अर्ध्या जिन्यापर्यंत खाली आली होती, कारण घरात कुणी परका येऊन आपल्या पिशव्यांबद्दल काय बोलतो हे ऐकणं तिला भाग होतं. धाकटी आपल्या दारात उभी होती, कारण खोक्यांबद्दल काय बोलतो हे तिलाही ऐकायचं होतं.

पिंजरेवाल्याने काठी लांब केली, आकडा खालच्या एका खोक्यात अडकवला, डोळे मिटले आणि ओढलं.

खोक्यांची रास धाडकन कोसळली. आतून काहीतरी करडं, जाड आणि फार घाईत असलेलं बाहेर आलं. ते आधी जिन्याकडे गेलं, तशी थोरली उरलेल्या पायऱ्या एका दमात उतरून खाली आली. मग ते दाराकडे वळलं, तशी धाकटी दार सोडून मध्ये धावली. पिंजरेवाला काठी टाकून फाटकाशी पोचला होता. आणि ते स्टूल, जे त्याने स्वतःसाठी मागवलं होतं हे नंतर कळलं, त्या स्टुलावर दोघी जावा एकाच वेळी चढल्या.

स्टूल जेमतेम एका माणसाचं होतं.

"सरक ना जरा," थोरली म्हणाली.

"कुठे सरकू, पलीकडे भिंत आहे."

"मग धर मला."

"धरलंय."

उंदीर पिंजरेवाल्याच्या दोन गमबुटांमधून फाटकाबाहेर गेला, रस्ता तिरका ओलांडला आणि चष्मेवाल्या काकांच्या फाटकाखालून त्यांच्या चकाचक अंगणात शिरला. हे सगळ्यांनी पाहिलं. काका तेव्हा घरात नव्हते. ते आल्यावर त्यांना सांगावं असं कुणालाच वाटलं नाही.

भावांचं मात्र उंदराकडे लक्ष नव्हतं. ते स्टुलाकडे बघत होते. त्या स्टुलावर त्यांच्या बायका एकमेकींच्या दंडाला घट्ट धरून उभ्या होत्या, आणि आत्ता आपण काय बोललो हे दोघींच्याही लक्षात यायला लागलं होतं. आधी कोण उतरणार, असा प्रश्न होता. शेवटी धाकट्याने हात पुढे केला आणि वहिनीला उतरवलं.

पिंजरेवाला परत आला. उंदीर गेल्यावर त्याला पुष्कळ धीर आला होता. त्याने मधलं एक मोठं खोकं सरळ केलं, पुरुषांच्या लांब बुटांचं होतं ते, आणि झाकण उचललं. आत बोटाच्या पेराएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं एकमेकांवर पडली होती. खाली पातळ कागदाचा भुगा, आणि त्यावर मऊ, जाड, गर्द लाल कापडाचे कुरतडलेले तुकडे.

"वा, मखमल," पिंजरेवाला म्हणाला. "माझ्या लग्नात नव्हती एवढी."

थोरलीने वाकून पाहिलं. ती वळली आणि जिना चढून गेली. एवढ्या वेगाने तिला चढताना कुणी पाहिलं नव्हतं.

शाळेच्या सभागृहाचा पडदा होता तो. थोरलीला आजवर मिळालेलं सगळ्यात मोठं काम. शिवून, घडी घालून, भिंतीशी गठ्ठ्यांच्या शेवटी ठेवला होता आणि दुसऱ्या दिवशी न्यायला माणूस येणार होता. तिने घडी उलगडली. खालच्या कडेला ताटाएवढं भोक होतं आणि त्याच्या शेजारी दोन लहान.

ती तिथेच जमिनीवर बसली. रडली नाही. पडद्याची कड मांडीवर घेऊन भोकाच्या काठावरून नुसती बोटं फिरवत राहिली.

थोड्या वेळाने दारात सावली पडली. धाकटी उभी होती. एवढ्या वर्षांत ती वरच्या खोलीत आलीच नव्हती. मशीन खिडकीजवळ सरकलं होतं, आणि थोरलीचा चष्मा आता चांगला जाड भिंगाचा झाला होता. हे तिने आधी कधी पाहिलंच नव्हतं; जिन्याखालून चष्मा कुठे दिसतो.

"खोकी माझी होती," धाकटी म्हणाली.

"पिशव्या माझ्या होत्या," थोरली म्हणाली.

खालून पिंजरेवाल्याचा आवाज येत होता. पिल्लांचं पुढे काय करायचं ते कार्यालयात विचारावं लागेल, असं तो धाकट्याला समजावत होता.

"खालून तेवढं कापून टाकलं तर?" धाकटीने विचारलं.

"आखूड होईल. मागच्या पोरांचे पाय दिसतील."

धाकटीने खोलीभर नजर फिरवली. मग एका गठ्ठ्यातून मोहरीच्या रंगाचं जाड कापड ओढून काढलं. कुणाच्या तरी सोफ्याचं उरलं होतं. तिने ते लालच्या खाली धरलं, जरा लांब जाऊन पाहिलं, जशी दुकानात गिऱ्हाईकाच्या पायातली चप्पल बघायची तशी. "भोकं असतील तेवढं कापा आणि सगळ्या रुंदीभर याची पट्टी लावा. ठिगळ दिसणार नाही. मुद्दाम केल्यासारखं दिसेल."

थोरलीने पट्टी पाहिली. तिला ते पटलं होतं, पण लगेच हो म्हणायचं तिच्या अंगवळणी नव्हतं. "उलटी धरलीयस," ती म्हणाली. "सुलट बाजू चमकते."

दुपारभर मशीन चाललं. मखमल जड, एकटीने सांभाळणं अशक्य. धाकटी मागून धरत होती, सोडत होती, पुन्हा धरत होती. भावांनी खाली जेवण केलं. म्हणजे भात लावला आणि तो जरा लागला. दोघींनी तो न बोलता खाल्ला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिका स्वतःच आल्या. त्यांनी पडदा उलगडून घेतला, खाली नजर टाकली आणि थबकल्या.

"ही पट्टी आपल्यात ठरली नव्हती."

थोरली पट्टीकडेच बघत राहिली. तेवढ्यात धाकटी पुढे आली. तिने दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती आणि कारण घरी सांगितलं नव्हतं. "हल्ली मोठ्या सभागृहांत अशीच लावतात," ती म्हणाली. "वजन येतं खाली, पडदा सरळ पडतो. आमच्याकडून भेट समजा."

मुख्याध्यापिकांनी पट्टीवरून हात फिरवला. "छान दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि पडदा घेऊन गेल्या.

फाटक बंद होताच थोरली वळली. "खोटं कशाला बोललीस?"

"मग काय, उंदराने शिवला म्हणून सांगायचं होतं?"

"मी सांगितलं असतं काहीतरी."

"तुमच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता."

"फुटला असता. तू मध्ये घुसलीस."

हे भांडण संध्याकाळपर्यंत चाललं. पण समोरासमोर चाललं.

निळ्या डब्याचं कुलूप थोरल्याने काढलं. दोन्ही डबे आता जिन्याखाली राहतात, जिथे खोकी होती तिथे. दोन्ही मजल्यांचा कचरा त्यांत जातो आणि शिट्टीबाई काही न बोलता ते उचलते, फक्त निळ्या डब्यावरच्या कोयंड्याला बोट लावून हसते. त्या आठवड्यातच चष्मेवाले काका रस्ता ओलांडून आले होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, तुमच्याकडे एखादा पिंजरा असेल का. भावांनी त्यांना दोन्ही दिले.

भावांचं मात्र अवघड झालं आहे. निरोप न्यायचे होते तेव्हा त्यांना निदान काय चाललंय ते कळायचं, आणि दोन शब्द गाळता यायचे. आता सगळं त्यांच्या डोक्यावरून जातं. परवा डबे धुवायची पाळी कुणाची यावरून आत जुंपली होती, तेव्हा दोघे बाहेरच्या पायरीवर चहा घेऊन बसले होते.

"मागच्या वेळी मी धुतला," आतून धाकटी म्हणत होती.

"हिरवा धुतलास. निळा कोण धुणार?"

"निळ्यात धुण्यासारखं असतं काय? चिंध्या?"

"चिंध्या म्हणू नकोस. कापड आहे ते."

धाकट्याने चहाचा घोट घेतला. "दादा, तुला कळलं का, पाळी कुणाची आहे ते?"

"आपली," थोरला म्हणाला. कप पायरीवर ठेवून त्याने बाह्या दुमडल्या आणि तो नळाची नळी आणायला गेला.